गुरुजींचा रोजा

एटापल्ली,
२६ एप्रिल १९५४

भाईजानले जैतूनचा सलाम.

तुमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली त्याच अक्षरानं लिहून राह्यली. उर्दू मले वाचता येत नाई, म्हून तुमचं उत्तरबी मराठीतच येऊ द्या.

आमी नागपूरहून येऊन दोन महिने झाले. यायचा मुतखडा जुनाच आहे, पण तिथल्या डॉक्टरनं फोटो काढून सांगतलं का एक गुर्दा निकामी झाला, अन् दुसऱ्यातबी खडे आहेत. ऑपरेशनचं पावसाळ्यानंतर पाहू म्हणाले. तोवर औषध एकच, पाणी. तहान लागो नाई तं न लागो, घडीघडी पाणी. मले बाजूले बोलावून बोलले का एक दिवसबी पाणी तोडू देऊ नका, याच्यापाशी आता एकच गुर्दा आहे.

आता तेंदूपानाचा फड सुरू झाला. हे फडावर मुन्शी. सकाळपासून बाया पानाचे पुडे घेऊन येतात, ते घ्यायचे, उन्हात मांडायचे, पालटायचे. तिथी सावलीले झाड नाई. अन् आठ दिवसांनी रमजानचा चांद. हे म्हणतात का मी रोजे धरीन, सारे धरीन. मी म्हटलं, डॉक्टर काय बोलला ते विसरले का. तं म्हणतात, "जवानीत मोहाची पिऊन हे आंग मीच खराब केलं. आता अल्लासाठी तहान काढाले काय झालं?" लग्नाआधीचं तुमाले ठाऊकच आहे. तुमीच त्यायले पिणाऱ्यायच्या बैठकीतून उठवून नमाजले उभं केलं होतं. तवापासून ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाईत.

तुमी एक कागद लिहा. तुमचं ऐकतील.

ते घडीघडी तुमचंच नाव घेतात. "गुरुजीच्या पोटात जखम आहे, रक्त पडते, तरी मागच्या साली तीसच्या तीस धरले." मी काय बोलू यावर? तुमची तब्येत कशी आहे तेबी लिहा. भाभीले सलाम.

जैतून

*

चामोर्शी,
१ मे १९५४

प्रिय जैतून,

दुवा. हे पत्र दिलावरला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव.

दिलावर, आजारी माणसानं आणि प्रवासात असलेल्यानं रोजे सोडावेत आणि बरं झाल्यावर तितके दिवस भरून द्यावेत, असा सरळ हुकूम आहे. यात कुठं आडपडदा नाही. ज्याला बरं होण्याची आशाच उरली नाही त्यानं एकेका रोज्यामागे एकेका गरिबाला दोन वेळा पोटभर जेवू घालावं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई, यांनाही हीच मोकळीक आहे. अल्लाला आपली सोय हवी आहे, आपले हाल नकोत, हे त्यानंच सांगून ठेवलं आहे. त्यानं दिलेली सवलत नाकारणं म्हणजे त्याच्यापेक्षा आपण धर्म जास्त जाणतो असं म्हणणं.

शरीर आपलं नाही, सांभाळायला दिलेली ठेव आहे. जाणत्या डॉक्टरनं पाणी तोडू नकोस म्हणून सांगितल्यावर ते तोडणं पुण्याचं नाही. मोहाच्या दिवसांबद्दल तू तौबा केलीस, ते तिथंच संपलं. त्याची शिक्षा तू स्वतःला देऊ नकोस, ते तुझं काम नाही.

जैतून, तू धडधाकट आहेस, तू धर. पहाटेची सहेरी चुकवू नकोस, जितकी उशिरा करशील तितकी बरी. संध्याकाळची अजान होताच खजूर नाहीतर नुसतं पाणी घे, मग हलकं काही. दिवसभराचा वचपा तळणावर काढू नकोस. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण रमजानात सगळ्यात आधी विसरली जाते.

माझ्या तब्येतीचं विचारलंस. अल्ला निभावून नेतो. शाळेला सुट्टी लागली आहे. रमजानातली रात्रीची तरावीहची नमाज यंदाही मीच पढवणार आहे.

तुझा भाऊ,
इनायत

*

एटापल्ली,
११ मे १९५४

भाईजान,

तुमचं पत्र यायनं टोपी घालून ऐकलं. परत एकदा वाच म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून बोलले, "गुरुजीनं माह्यासाठी किती मायेनं लिहिलं. पण ते स्वतः धरून राह्यले का नाई, ते काऊन नाई लिहिलं?" मी म्हटलं, त्यायचं त्यायच्यापाशी. तं म्हणतात का जखम त्यायलेबी आहे, खडा मलेबी आहे. ते सोडत असतील तं मीबी सोडतो, इमानानं सोडतो. ते धरत असतील तं मले सोडाले लाज वाटते.

सात रोजे झाले. पाठीत दुखते, पण सांगत नाईत, भिंतीले टेकून बसतात त्यावरून मले समजते. लघवी काळ्या चहासारखी होऊन राह्यली. सोमारी म्हणून एक बाई पान तोडून आणते, ती काल पाण्याचा तुंबा घेऊन यायच्याजवळ गेली होती. यायनं हात जोडले. ती घरी येऊन मले म्हणाली, "बाई, तुझा माणूस सुकून राह्यला."

भाईजान, मले एकच ओळ पायजे. तुमी यंदा रोजे धरून राह्यले का नाई. धरत नसाल तं तसं लिहा, म्हणजे मी ते यायच्या हाती देते अन् पाणी पाजते. हे पत्र वारलू ड्रायव्हरच्या हाती पाठवून राह्यली. तो पानाचा ट्रक घेऊन परवा परत इकडं येणार आहे. त्याच्याच हाती द्या, टपालात टाकू नका.

जैतून

*

चामोर्शी,
१३ मे १९५४

प्रिय जैतून,

वारलू दारात उभा आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

रोज संध्याकाळी मी मशिदीत सगळ्यांसोबत बसतो. अजान झाली की पहिला खजूर माझ्या हातात देतात, तो मी तोंडात घालतो आणि मगच बाकीचे घेतात. यावरून काय ते समज.

पण दिलावरनं माझ्याकडे पाहू नये, हुकुमाकडे पाहावं. माझ्या पहिल्या पत्रात सगळं लिहिलं आहे, ते त्याला पुन्हा वाचून दाखव.

इनायत

*

एटापल्ली,
१ जून १९५४

भाईजान,

तुमी चांद्याले धावत आले, जनाज्याची नमाज तुमीच पढवली, त्याचे उपकार मी फेडू शकत नाई. तिथी मले तुमच्यासंगं काही बोलता आलं नाई. आता इद्दतीत बसली आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर जाणं नाई, तं बसल्या बसल्या सारं डोळ्यापुढं येते.

पंधराव्या रोज्याले, १९ तारखेच्या तिसऱ्या पहरी ते फडावर पानायतच पडले. फडावरचा लालसू अन् आणखी तिघं बाजेवर टाकून घरी घेऊन आले. तवा समजलं का चार दिवसांपासून लघवीच उतरली नव्हती. मले सांगतलंच नाई. ठेकेदारानं ट्रक दिला. आष्टीजवळ नदी ओलांडेपर्यंत त्यायचं डोकं माह्या मांडीवर होतं. शुद्ध येत होती, जात होती. चांद्याच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. पुढचं तुमाले ठाऊक आहे.

एक सांगाचं राह्यलं. ट्रकमध्ये एकदा डोळे उघडून मले म्हणाले, "गुरुजीले सांग, चौदा झाले." हे तुमच्यासाठी होतं म्हून लिहून राह्यली.

आता विचाराचं असं का, त्यायचे उरलेले रोजे कोणी भरावे? मी भरले तं चालतात का? का गरिबाले जेवू घालावं लागते? अम्मा, म्हणजे माह्या सासूबाई, रोज विचारतात का पोराचं काही बाकी तं राह्यलं नाई ना. तुमी लिहाल तसं करीन.

उद्या-परवा ईदचा चांद दिसेल.

जैतून

*

चामोर्शी,
२० जून १९५४

प्रिय जैतून,

उत्तराला उशीर झाला.

जो आजारातून उठलाच नाही त्याच्यावर काहीही बाकी राहत नाही. भरून देण्याचा हुकूम बरं होणाऱ्याला आहे. दिलावरला ती सवडच मिळाली नाही. तुझ्यावर नाही, अम्मांवर नाही. त्यांना सांग की त्यांच्या मुलाचं काही राहिलेलं नाही. तुला वाटलं तर त्याच्या नावानं कुणा भुकेल्याला जेवू घाल, पण ते आपखुशीचं दान समज.

इद्दत संपली की इकडे ये. तुझी भाभी रसूलबी वाट पाहते आहे.

आणखी काही लिहायचं होतं. उद्या शाळा उघडते आहे, मुलांची नावं घालायची आहेत. पुन्हा केव्हातरी.

इनायत

*

एटापल्ली,
१४ ऑगस्ट १९५४

भाईजान,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाई. पोटाचं दुखणं वाढलं का? भाभीच्या हातून तरी दोन ओळी येऊ द्या.

यायच्या जागेवर गफूर म्हणून नवा मुन्शी आला. नवी बायको घेऊन आला, नजमा तिचं नाव. इथी मुसलमानाची घरं पाच, त्यातल्या तीन घरच्या बाया माह्याजवळ येऊन बसतात, पण नजमा रोजच येते. "आपा, दिलावरभाऊची सांगा," म्हणते. मी सांगते. कसं पाणी नाई घेतलं, सोमारीले कसे हात जोडले, कसं चौदा झाले म्हणाले. आता ही गोष्ट आलापल्लीपर्यंत गेली. लोक म्हणतात का चामोर्शीच्या गुरुजीचा चेला, तहानेनं मेला पण रोजा सोडला नाई. गफूर म्हणतो का पुढच्या रमजानात फडावर आमी सारे दिलावरभाऊसारखे धरू, मंग कोणाले ताप येवो का काही होवो. नजमाबी तसंच म्हणते. अम्मा तं बिछान्यावरून म्हणतात का पोरानं चौदा धरले, मी तीस धरीन.

मले ऐकून बरं वाटते, भाईजान. अन् मंग रात पडली का भ्यावबी वाटते. बरं वाटून घेणं बरोबर आहे का? तुमी जाणते आहात, यायले काय सांगू ते लिहा.

जैतून

*

चामोर्शी,
२५ ऑगस्ट १९५४

जैतून,

हे पत्र एकटी असताना वाच.

मी रोजे धरत नव्हतो. तू विचारलंस तेव्हा नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षीही नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत मला शाळेत रक्ताची उलटी झाली. चांद्याच्या डॉक्टरांनी पोटात व्रण आहे म्हणून सांगितलं. दर दोन-तीन तासांनी दूध किंवा मऊ काही पोटात गेलंच पाहिजे, पोट कधीही रिकामं ठेवायचं नाही, जन्मभर. त्या रमजानात मी तीन रोजे धरले. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा रक्त पडलं. रसूलबीनं दूध तापवून पुढ्यात ठेवलं आणि मी ते प्यायलो. त्यानंतर एकही रोजा धरला नाही.

यात काही गुन्हा नव्हता. दिलावरला जे लिहिलं तेच मला लागू होतं. मी गरिबांना जेवू घालायचं आणि विचारणाऱ्याला सांगायचं, इतकंच होतं. पण मी स्वयंपाकघराचं दार आतून लावून दूध पीत होतो. प्यायल्यावर कडुनिंबाची काडी चावायचो, म्हणजे तोंडाला वास येऊ नये. एकाही गरिबाला जेवू घातलं नाही, कारण मग लोकांनी विचारलं असतं की कशाबद्दल.

अठरा वर्षं मी इथं नमाज पढवतो आहे. पंधरा-वीस घरांची वस्ती, त्यात मौलवी नाही, म्हणून शाळामास्तरच इमाम. आजाराच्या पहिल्या वर्षी मी सांगणारच होतो. पण त्याच आठवड्यात म्हाताऱ्या अमीनसाबांनी भर मशिदीत म्हटलं, "गुरुजीकडं पाहा. माणूस रक्त ओकते, तरी रोजा सोडत नाई." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते लोकांना नम्रता वाटली. मला त्या क्षणी बरं वाटलं, जैतून. ते मला अजून आठवतं, किती बरं वाटलं ते.

एप्रिलमधलं तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तरात पहिल्यांदा लिहिलं होतं की मीही धरत नाही. तो कागद फाडला. दिलावर ते फडावर चारचौघांना सांगेल, वारलू ते चामोर्शीला घेऊन येईल, असं मनात आलं. मग उरलेलं सगळं लिहिलं. त्यात शिकवण एकही चुकीची नव्हती.

१३ मेला वारलू बाहेर उभा होता. रसूलबी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एवढंच लिहा का तुमी दूध पिऊन राह्यले. त्याचा जीव वाचते." मी तिला चूल पाहा म्हणालो. मग ती खजुराची ओळ लिहिली. ती वाचून पाहा, त्यात एक शब्द खोटा नाही. इतकं जपून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तू काय समजशील ते मला पुरतं ठाऊक होतं.

चांद्याला त्याच्या जनाज्यापुढे उभा राहिलो तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं की दिलावरला गुरुजींनी घडवलं. घरी आलो तर तुझं पत्र. "गुरुजीले सांग, चौदा झाले." तो निरोप मी रसूलबीला वाचून दाखवू शकलो नाही.

आता तू लिहितेस की गफूर, नजमा आणि अम्मासुद्धा त्याच्यासारखं करू म्हणतात. माझी ती ओळ अजून चालते आहे. म्हणून हे लिहिलं. नाहीतर कदाचित लिहिलंही नसतं, हेही तुला कळावं.

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोटं वाटलं म्हणून खोडलं. मागतो.

इनायत

*

एटापल्ली,
४ सप्टेंबर १९५४

तुमचं पत्र पोचलं. वाचलं. मी लिहीपर्यंत तुमी काही लिहू नका.

जैतून

*

एटापल्ली,
१२ जानेवारी १९५५

भाईजान,

इद्दत दसऱ्याच्या आधी संपली. आता शिलाईची मशीन घेऊन दारात बसते. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावच्या बाया पोलकी शिवाले आणतात. अम्मा थंडीच्या सुरवातीले गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाई.

तुमचं पत्र मी पहिल्यांदा चुलीत घालाले नेलं होतं. घातलं नाई. मंग लय दिवस तुमाले शिव्या देत होती, आंगण झाडताना, चूल पेटवताना, मनातल्या मनात. एका ओळीनं माहा माणूस वाचत होता अन् तुमाले ती ओळ जड झाली. हे आजबी मले तसंच वाटते, ते तुमाले सांगून ठेवते. पण शिव्या देता देता दरवेळी मी एका जागी येऊन अटकत होती. ती जागा मी कोणाले सांगतली नाई. अम्माले नाई, भाभीले नाई.

१९ तारखेच्या दुपारी ते पडाच्या आधी घरी आले होते. फड सोडून ते दुपारी कधी घरी येत नव्हते. उंबऱ्यात बसले, भिंतीले डोकं टेकवलं, अन् म्हणाले, "जैतून, पाणी दे."

भाईजान, पंधरा दिवस मी याच शब्दासाठी त्यायच्यासंगं भांडत होती. मी लोटा भरला. भरून घेऊन आली. अन् हाती द्याच्या आधी मी म्हटलं, "घ्या. पण मंग संध्याकाळी मले बोलू नका. भाईजान तिथी पोटात जखम घेऊन धरून राह्यले. आता चारच तास तं राह्यले."

काऊन म्हटलं, ते मी आठ महिने शोधून राह्यली. त्याच्या आधीच्या साली एकदा त्यायचा रोजा तुटला होता, तं आठ दिवस कोणासंगं बोलले नव्हते, त्याचं भ्याव होतं. पण तेवढंच नव्हतं. फडावरचे सारे म्हणत होते का मुन्शी लय पक्का माणूस आहे. बाया मले येऊन सांगत होत्या. ते ऐकून मले आतून गोड वाटत होतं. तुमाले मशिदीत वाटलं ना, तसंच.

ते माह्याकडं पाहत राह्यले. मंग म्हणाले, "राहू दे." उठले अन् फडावर गेले. लोटा माह्या हातातच होता. घडीभरानं लालसू पळत आला.

चांद्याचे डॉक्टर म्हणाले होते का त्या दिवशी पाणी घेतलं असतं तरी उशीर झाला होता. ते खरं बोलले का माह्यी समजूत काढली, मी विचारलं नाई. विचाराची हिंमत अजून होत नाई.

तुमी माफी मागतली. माह्याजवळ ती सध्या नाई. असली असती तं आधी मीच घेतली असती.

पण एक सांगते. मले एकटीले सांगून तुमचं झालं नाई. ज्या लोकायनं तुमच्या मागं नमाज पढली, तुमाले पाहून रोजे धरले, त्यायले सांगा. रमजान यायच्या आधी सांगा. नाई सांगाल तं मले पुन्हा पत्र लिहू नका.

जैतून

*

चामोर्शी,
२८ एप्रिल १९५५

प्रिय जैतून,

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत मी प्रत्येक शुक्रवारी सांगायचं ठरवलं आणि प्रत्येक शुक्रवारी घरी परतलो. रमजानच्या आधीचा शेवटचा शुक्रवार २२ तारखेला होता. त्या दिवशी नमाज झाल्यावर लोक उठायला लागले तेव्हा मी सगळ्यांना बसायला सांगितलं.

दूध, दार, कडुनिंबाची काडी, सगळं सांगितलं. दिलावरसाठी लिहिलेल्या खजुराच्या ओळीचंही सांगितलं. तुझ्या लोट्याचं सांगितलं नाही, ते माझं नाही.

मग अमीनसाबांनी विचारलं, "दोन साल?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "आजाराचं काही नाई, गुरुजी. पण तुमाले पाहून मी माह्या सुनेले मागच्या साली रोजे धराले लावले. तिच्या अंगावर तीन महिन्याचं लेकरू होतं. तिचं दूध आटलं. मी तिले म्हणत होतो का गुरुजी रक्त ओकून धरतात, तुले काय झालं." लेकरू जगलं, शेळीच्या दुधावर जगलं. पण मला ते वर्षभर ठाऊकसुद्धा नव्हतं. त्यांच्या शेजारच्या आळीत मी राहतो.

आता नमाज अमीनसाबांचा पुतण्या पढवतो. मी शेवटच्या रांगेत उभा राहतो. कुणी मला तिथं घातलं नाही, आणि कुणी पुढंही बोलावलं नाही. काही जण सलामाचं उत्तर देतात, काही देत नाहीत.

रसूलबी रोज जास्तीचा स्वयंपाक करते. या वर्षाचे तीस आणि मागच्या दोन वर्षांचे, सगळ्यांचं जेवण घालायचं आहे. पहिल्या दिवशी बाजारात बसणारा आंधळा कोलू जेवायला आला. हात धुताना विचारलं, "गुरुजी, काऊन जेवू घालून राह्यले?" मी म्हणालो की मला रोजा धरता येत नाही, म्हणून. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे पहिल्यांदाच सहज बोललो. तो म्हणाला, "मंग मी रोज येतो." दूध मी आत बसूनच पितो, रोजेदारांपुढे पिणं बेअदबी होईल. दार लावत नाही.

मोकळीक कुणाला आहे हे मी मशिदीत पुन्हा सांगितलं. पण अजून कुणी माझ्याकडे विचारायला आलेलं नाही. माझ्यावरचा भरवसा उडाला, त्यासोबत शिकवणीवरचाही उडाला असेल तर ते आणखी एक माझ्याच नावावर.

तुझ्या पत्राबद्दल एवढंच लिहितो. तू लोटा भरून आणला होतास. तुझ्या तोंडून निघालं ते माझं वाक्य होतं. तेवढं तू माझ्याकडे दे.

इनायत

*

एटापल्ली,
१५ मे १९५५

भाईजानले सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुमी सांगतलं, हे बरं केलं. पण माह्या वाट्याचं माह्याजवळ राहू द्या. तुमी ते मागून घ्याल तं माह्यापाशी त्यायचं काय राहील?

नजमा पोटुशी आहे, सातवा महिना. रमजान लागल्यापासून ती अन् गफूर दोघंबी रोजे धरत होते. मी तिले पहिल्याच दिवशी सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं. दिलावरभाऊची गोष्ट सांगणारी मीच, आता तीच गोष्ट उलटी कशी सांगावी, असं करता करता अठरा दिवस गेले. मंग परवा ती पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन येताना माह्या दारात घेरी येऊन खाली बसली. ओठ पांढरे झाले होते. म्हणाली, "काई नाई आपा, दिलावरभाऊले याच्याहून जास्त झालं होतं."

मी तिले आत घेतलं अन् सारं सांगतलं. तुमचं सांगतलं, तुमचं नाव घेऊन. मंग लोट्याचं सांगतलं. ते मी पहिल्यांदा तोंडानं बोलली. मले वाटलं होतं ती उठून जाईल. ती उठली नाई. मंग म्हणाली, "आपा, मले भूक लागली."

सकाळचं काई नव्हतं. मी भात टाकला, मुगाचं वरण केलं. ती जेवली. माहा रोजा होता, मी समोर बसून होती, तिनं हात धुतल्याशिवाय उठली नाई.

संध्याकाळी गफूर दारात येऊन बोलला, "तुमी माह्या बायकोचा रोजा तोडला." मी म्हटलं, "हो, मी तोडला. ती बाळंत होऊन बरी झाली का तीच भरून देईल. तुलेबी काई दुखलं तं इथी ये." तो निघून गेला. फडावरून जाता-येता आता माह्याकडं पाहत नाई.

नजमा रोज दुपारी जेवाले येते.

भाभीले सलाम सांगा. पत्र लिहीत जा.

जैतून